कोकणात टिकाऊ आणि निरोगी घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून दोडामार्गापर्यंत घर बांधणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एका जागी लिहून ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कॉलम-बीमचा हिशोब मात्र तुमच्या इंजिनिअरकडूनच करून घ्या.

१. पुण्यातल्या बंगल्याचा नकाशा गावच्या जागेवर तसाच वापरला तर काय बिघडतं?

पुण्याच्या चौपट पाऊस रत्नागिरीत पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय इथला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्यावर आडवा येतो. दीड फुटाचा छज्जा असलेलं चौकोनी डब्यासारखं घर पुण्यात चालतं. इथे त्याच्या भिंती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिजतात आणि दसऱ्यापर्यंत सुकत नाहीत. त्यात समुद्राची खारी हवा.

म्हणून इथला क्रम असा: आधी छप्पर, मग वळचण, मग जोतं, मग पाण्याचा निचरा. खोल्यांची मांडणी त्यानंतर. वळचण भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर हवी. झड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, तेव्हा त्या अंगाला पडवी, कोठीची खोली किंवा न्हाणीघर ठेवा. झोपायची खोली नको. वास्तुशास्त्रवालेही नैऋत्य बाजू बंद ठेवा म्हणतात, पण झोपायची मोठी खोली तिथेच सांगतात, तेव्हा या मुद्द्यावर घरात वाद होऊ शकतो.

२. काम कधी सुरू करावं? मे महिन्यापर्यंत होईल का?

दिवाळीनंतर सुरू करा. एका हंगामात घर उभं राहतं, पण दोन हंगामांत केलेलं चांगलं. पहिल्या वर्षी पाया, जोतं आणि आतली भरणी. भरणी सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकायची आणि तिच्यावर एक पावसाळा जाऊ द्यायचा. ज्यांनी एप्रिलमध्ये भरणी करून मे महिन्यात फरशी बसवली, त्यांची फरशी गणपतीपर्यंत पोकळ वाजायला लागते.

घाईचा दुसरा फटका रंगाला बसतो. नव्या भिंतीत गिलाव्याचं पाणी बराच काळ असतं. पहिल्या वर्षी नुसता चुना मारा आणि प्लास्टिक पेंट पुढच्या उन्हाळ्यात, भिंत सुकल्यावर लावा. वास्तुशांतीच्या फोटोत घर थोडं फिकं दिसेल, एवढंच.

३. जागा घेताना काय बघायचं? डोंगराच्या पायथ्याशी स्वस्त मिळते आहे.

जागा पावसात बघा. जुलैमध्ये एकदा जाऊन पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि कुठे जातं हे पाहिलंत तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. एजंट नेहमी फेब्रुवारीत दाखवतो.

उताराची जागा असेल तर जास्त जपा. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीत दरडीखाली वस्तीच्या वस्ती गेल्या. बऱ्याच ठिकाणी वरचा जांभा कठीण आणि त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. पाणी त्या थरावर अडतं आणि वरचा भाग सुटतो. घरासाठी सपाटी हवी म्हणून जेसीबीने पायथा उभा कापला की डोंगराचा टेकूच काढला जातो. कापावंच लागलं तर पायऱ्या-पायऱ्यांनी कापा. भिंत घातलीत तर तिच्यात पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा आणि मागे दगडांचा भराव करा. जमिनीला कमानीसारख्या भेगा, एका दिशेला कललेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नव्याच जागी पाणी फुटणं, यातलं काही दिसलं तर ती जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका.

४. चिरा घ्यावा, विटा घ्याव्यात की सिमेंटचे ब्लॉक? आणि चांगला चिरा ओळखायचा कसा?

दक्षिण रायगडपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत चांगली खाण जवळ असेल तर चिराच, म्हणजे खाणीतून कापून काढलेला जांभ्याचा ठोकळा. तो इथलाच, वाहतूक कमी, भिंत जाड होते आणि दुपारचं ऊन आत यायला वेळ लागतो.

पण सगळा चिरा सारखा नसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा: पक्का चिरा खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. फोडलेल्या बाजूला पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे खळगे नकोत. अंगठ्याने घासल्यावर भुगा पडत असेल तर तो गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) वापरा, घराला नको. एक चिरा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कोपरे दाबून पाहा. भारतीय मानक आयएस ३६२० नुसार जांभ्याच्या चिऱ्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन हवी. दुमजली घर असेल तर प्रयोगशाळेत तपासून घेणं शहाणपणाचं.

खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ आणि ओला असतो. हवा लागली की तो कठीण होतो. तेव्हा आणल्या आणल्या बांधकामाला लावू नका, निदान तीन महिने रचून ठेवा. प्रश्न २ मध्ये सांगितलेला दोन हंगामांचा बेत इथेही कामाला येतो.

कॉलम न घेता नुसत्या चिऱ्याच्या भिंतींवर घर उभं करणार असाल तर जोत्याच्या आणि लिंटेलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीला सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालाच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणाच्या उंबऱ्याशी झाला होता. ज्या घराचे कोपरे बांधलेले नसतात त्याच्या भिंती अशा धक्क्याला चार दिशांना सुटतात.

५. चिऱ्याला बाहेरून गिलावा करायचा की तसाच ठेवायचा?

वळचण मोठी असेल आणि चिरा पक्का असेल तर तसाच ठेवा आणि दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरून घ्या. झड खाणाऱ्या भिंतीला गिलावा हवा. गोंधळ होतो तो जाड, कडक सिमेंटच्या गिलाव्याने. त्याला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट राहत नाही. मग चिरा आतल्या आत भिजत राहतो.

चुना मिसळलेला गिलावा सिमेंटच्या मानाने मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. चुन्यावर कुणाचा विश्वास नसेल तर मुरुडजवळच्या पद्मदुर्गाची तटबंदी बघून यावी. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड झिजून खोलगट झाले आहेत आणि मधला चुना पुढे आलेला दिसतो. अडचण आहे ती चुना मुरवून वापरणारा गवंडी मिळण्याची. तो मिळत नसेल तर सिमेंट, चुना आणि वाळू यांचं मिश्रण वापरा. नुसतं सिमेंट वाढवून गिलावा ‘मजबूत’ करायच्या भानगडीत पडू नका.

६. कौलं, स्लॅब की पत्रे?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. आमचं मत सरळ आहे: कोकणात सपाट स्लॅब हे शेवटचं छप्पर असू नये. स्लॅब हवा तर घाला, पण त्याच्यावर उतरतं छप्पर पहिल्या दिवसापासून नकाशात धरा. गावागावांत स्लॅबच्या घरांवर निळे-लाल पत्रे चढलेले दिसतात. ती सगळी घरं मालकांनी दोन छपरांचे पैसे देऊन बांधलेली आहेत.

मंगळुरी कौल अजूनही उत्तम. हवा खेळती राहते, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं, गरम हवा फटींतून निघून जाते. उतार आडव्या एका फुटाला सात इंचांपेक्षा कमी नको; कमी उतारावर वारा पाणी कौलाखाली उलटं ढकलतो. जुन्या नळीच्या कौलांना दर वर्षी शाकारणी लागायची. मंगळुरी कौलांना तेवढं लागत नाही, पण मे महिन्यात एकदा वर चढून पालापाचोळा काढायचा, पन्हळ साफ करायची आणि सरकलेली कौलं जागेवर आणायची. हे करायला माणूस मिळत नसेल तर कौलं घालण्याआधी विचार करा. माकडं येणाऱ्या वाडीत तर नक्कीच करा.

पत्रा घ्यायचा तर ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला घ्या, जाडी कागदावर लिहून घ्या आणि खाली माळा किंवा तक्तपोशी ठेवा. नाहीतर मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही आणि जुलैत आवाजामुळे बोलता येत नाही. पत्र्याखालचे लोखंडी पाइप दोन्ही टोकांना झाकण वेल्ड करून बंद करा. उघड्या टोकातून खारी हवा आत जाते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत असतो, त्यामुळे ते कळतच नाही. वाऱ्याने छप्पर उडण्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

७. स्लॅब घालून झाला आहे आणि गळतो आहे. केमिकलवाला हमी देतोय. लावू का?

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. गच्चीच्या पाइपचं तोंड, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबचा सांधा, टाकीखालची जागा. गळती बहुतेक वेळा या तीन ठिकाणी सापडते. उतार नीट नसेल तर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा नव्याने करून उतार द्या. नुसता लेप उन्हात काही वर्षांतच सुटतो.

स्लॅबच्या खालून काँक्रीटचे पापुद्रे पडत असतील आणि गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर केमिकलचा विषयच नाही. इंजिनिअरला दाखवा, आणि तोपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

८. समुद्राजवळच्या घरांचे कॉलम वीस-पंचवीस वर्षांत फुटतात. आमचे फुटू नयेत म्हणून काय करायचं?

मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. सळीपर्यंतचं अंतर वाढवायचं आणि काँक्रीट घट्ट करायचं, उपाय एवढाच.

काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येतं. त्यासाठी किमान एम-३० दर्जा, एका घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. गावात सर्रास वापरतात ते १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) म्हणजे एम-२०. फक्त खडी-वाळूच्या पाट्या मोजून एम-३० होत नाही, प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं. हे सगळं इंजिनिअरला नकाशाच्या वेळीच सांगा, कारण कव्हर वाढलं की स्लॅबची जाडीही वाढते. काम सुरू झाल्यावर हा विषय काढला तर मिस्त्री हो म्हणतो आणि जुन्याच पद्धतीने करतो.

साइटवर स्वतः बघायच्या गोष्टी सांगतो. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन जा. सळीखाली कव्हर ब्लॉक आहेत का पाहा. खडीचा किंवा चिऱ्याचा तुकडा चालत नाही, तो पाणी पितो. बांधायच्या तारेची टोकं आत वळवलेली हवीत, बाहेर राहिलेलं टोक आधी गंजतं आणि तिथूनच सुरुवात होते. स्लॅबच्या वरच्या सळ्यांवरून माणसं चालली की त्या खाली दबतात, म्हणून त्यांच्याखाली सळीच्या खुर्च्या लावून घ्या. आणि पाणी! ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, तेही वाळूतली ओल धरून. मिस्त्रीला ते घट्ट वाटेल आणि तो पाइप सुरू करील. पाइप बंद ठेवा, प्लास्टिसायझर (जास्त पाणी न घालता काँक्रीट सैल करणारं रसायन) वापरा, व्हायब्रेटर लावा.

सिमेंट स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) असेल तर मिठापुढे जास्त टिकतं, पण क्युरिंग जास्त दिवस लागतं. स्लॅग किंवा पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला चौदा दिवस पाणी मारा. सात दिवसांवर बंद करू नका.

९. खाडीची वाळू निम्म्या भावात मिळते. धुऊन घेतली तर चालेल ना?

गिलाव्याला आणि काँक्रीटला खारी वाळू नको. मीठ बाहेरून आत यायला काही वर्षं तरी लागतात, खाऱ्या वाळूने ते पहिल्याच दिवशी सळीला चिकटतं. धुणं म्हणजे ट्रकवर पाइप मारणं नव्हे. हौदात गोड्या पाण्याने, पाणी बदलून बदलून धुवावी लागते आणि मग क्लोराइडची तपासणी करावी लागते. आयएस ४५६ प्रमाणे सळीच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरमागे एकूण क्लोराइड ०.६ किलोच्या वर जाता कामा नये. हा सगळा खटाटोप केल्यावर स्वस्ताई उरत नाही. चांगली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. पाण्याचंही तेच: उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरू नका.

१०. कोटिंगच्या सळ्या वापरल्या की प्रश्न ८ मधलं काही करायला नको, असं दुकानदार म्हणतो.

दुकानदार सळ्या विकतो. इपॉक्सीचा लेप वाकवताना, ओढताना खरवडला की त्या एवढ्याशा जागी गंज जोरात धरतो. खरवडलेली प्रत्येक जागा रंगवून घेणारा माणूस साइटवर असेल तर वापरा. घट्ट काँक्रीट आणि पुरेसं कव्हर हे दोन्ही तरीही लागतंच.

११. भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत ओल चढते, लोणा लागतो. वॉटरप्रूफ पुट्टी लावली तरी परत येते.

पुट्टीने ओल थांबत नाही, फक्त आणखी वर सरकते. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि सुकताना क्षार सोडून जातं.

नवं घर असेल तर जोतं निदान दोन-अडीच फूट उंच आणि जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर, एवढं पुरतं. जुन्या घराला उलट्या क्रमाने जा. आधी पागोळी कुठे पडते ते पाहा. वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडून उडत असेल तर तिथे उताराची गटारी काढा, नाहीतर खडीचा पट्टा करा. अंगण घराकडे उतरतं का? वर्षानुवर्षं माती टाकून खळं जोत्याच्या बरोबरीला आलं आहे का? मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या वर फूटभरापर्यंत खरवडून काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा आणि चुन्याच्या मिश्रणाने पुन्हा करा (प्रश्न ५). बहुतेकांना उघडी भिंत बघवत नाही आणि ते दिवाळीच्या आत पुट्टी मारतात.

१२. वाळवीसाठी काय करायचं?

पाया खणल्यावर, काँक्रीट पडण्याआधी मातीला औषध मारून घ्या. आयएस ६३१३ मध्ये त्याची पद्धत आहे. पिण्याची विहीर जवळ असेल तर ते आधी सांगा आणि त्या बाजूला औषध टाळा.

औषधापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जोत्याच्या भरणीत सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, झाडांची मुळं, सिमेंटच्या कागदी गोण्या टाकू देऊ नका. गवंडी संध्याकाळी सगळा कचरा आत ढकलतो. वाळवीला आपणच जेवण वाढून ठेवतो आणि नंतर औषधवाल्याला बोलावतो. लाकडी खांब थेट जमिनीत न पुरता दगडाच्या बैठकीवर ठेवा.

१३. लाकूड कुठलं? साग परवडत नाही.

छपराला ऐन आणि किंजळ, दारं-खिडक्यांना फणस. आपल्या बापजाद्यांची घरं याच लाकडांवर उभी आहेत. आंब्याच्या फळ्या सेंटरिंगला ठीक, कायमच्या कामाला नको. लाकूड सुकलेलं हवं. ओलं लाकूड बसवलं की दार पहिल्याच पावसात अडकतं आणि सुतार ते तासून देतो. मार्चमध्ये त्याच दारातून पाल आत येते. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागू शकते, आधी वनखात्याकडे विचारा. खिळे आणि बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेसच्या घ्या.

१४. पावसाच्या सुरुवातीला फरशीला घाम येतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मुलाला सतत खोकला असतो. याचा संबंध आहे का?

असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात, असं त्यात म्हटलं आहे. मुलाला डॉक्टरकडे न्याच, घरही तपासा.

घाम आणि ओल या दोन वेगळ्या गोष्टी. फरशीचा घाम म्हणजे बाहेरची दमट हवा गार, गुळगुळीत फरशीवर येऊन पाणी होते. सारवलेली जमीन ते पाणी शोषून घ्यायची, चकचकीत फरशी घेत नाही. त्या दिवसांत सगळ्या खिडक्या उघडून हा घाम जात नाही, उलट वाढतो. पंखा लावा आणि फरशी कोरड्या फडक्याने पुसा. चार-सहा दिवसांनी फरशी आणि हवा सारखी झाली की तो आपोआप थांबतो.

बुरशी मात्र कारण काढल्याशिवाय जात नाही. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार इंच जागा सोडा. ओले कपडे खोलीत वाळत घालायला लागतात म्हणून मागल्या पडवीत छपराखाली दोरीची जागा नकाशातच धरा. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या आणि भिंतीच्या वरच्या अंगाला जाळी असलेली झरोकी हवीत. पाणी तापवायची चूल असेल तर ती घराबाहेरच्या पडवीत, धुरांड्यासकट. पीओपीचं छत कौलाखाली करू नका. वर उंदीर राहतात, खाली बुरशी.

ओल्या भिंतीतल्या वायरिंगचा शॉक ही वेगळीच भीती. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) बसवा आणि दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा.

१५. आम्ही मुंबईत असतो. घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. प्रत्येक वेळी आत कुबट वास येतो.

बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं, कारण गळती पहिल्या दिवशी बघणारं कुणी नसतं. तुम्ही प्लास्टिक लावून खिडक्यांच्या फटी बंद करून जात असाल तर तेच आधी थांबवा. वरची झरोकी उघडी राहू द्या, त्यांना बारीक जाळी लावा. आतली दारं, कपाटं, फ्रिज उघडे ठेवा. गाद्या पलंगावर उभ्या करा. टाकीचा मुख्य कॉक आणि वीज बंद करा.

दर पंधरा दिवसांनी शेजारच्या काकींनी दोन तास दारं उघडली तर वास येणार नाही. त्यांना त्याचे पैसे द्या. नारळ-आंबे काढून घ्या म्हणून सांगणं पुरेसं नाही. आणि मे महिन्यात सुट्टीला आलात तर छपरावर माणूस चढवल्याशिवाय परत जाऊ नका (प्रश्न ६). नवं घर बांधताना वर्षातून दोन महिनेच राहणार हे धरून लहान बांधा. चार बेडरूमच्या बंद घराला दोन खोल्यांच्या घराइतकीच माया मिळते.

१६. शौचखड्डा विहिरीपासून किती लांब हवा? जागा लहान आहे.

शोषखड्डा (शौचालयाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर, असं मानक सांगतं. जांभ्यात तेवढंही कमी पडू शकतं. तो आतून पोकळ आणि नळ्यानळ्यांचा असल्यामुळे पाणी गाळून न निघता सरळ धावतं. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा, वरच्या अंगाला कधीच नाही. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

जागाच नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक टाकी करा किंवा विहीर फक्त वापराच्या पाण्याला ठेवा. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी तपासून घ्या, तेव्हाच ते सगळ्यात दूषित असतं.

१७. चिऱ्याच्या फटींत विंचू, कौलात साप. स्लॅबचं घर यासाठी बरं नाही का?

फटी बुजवा, घर बदलू नका. दर्जा भरा, जोत्यातली भोकं आणि पाइपभोवतीची जागा सिमेंटने बंद करा, दाराखाली ब्रश लावा. लाकडाचा ढीग आणि उरलेल्या चिऱ्यांची रास घराला टेकवून ठेवू नका; फुरसं आणि विंचू दोघांनाही ती जागा आवडते. उंदीर कमी झाले की साप कमी होतात, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोकाही घटतो.

लाल विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन या औषधाने माणूस वाचतो हे जगाला कळलं. गाडी काढून दवाखाना गाठा.

१८. निसर्ग वादळात आमचे पत्रे उडाले. परत उडू नयेत म्हणून?

३ जून २०२० ला निसर्ग रायगड किनाऱ्यावर धडकलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. म्हणून पत्रा पर्लिनला (त्याच्याखालच्या आडव्या पाइपला), पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला आणि पट्टा खालपर्यंत असा सलग बांधलेला हवा. साखळीतली एक कडी सुटली की बाकीची घट्ट असून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी कैची भिंतीवर नुसती ठेवलेली असते.

कडेच्या आणि शिखराच्या रांगांना स्क्रू दुप्पट घाला, कारण ओढ तिथे सर्वांत जास्त. गंजलेले जे-हुक बदला. कौलं असतील तर वळचणीच्या दोन रांगा आणि कोने तारेने बांधा किंवा मसाल्यात बसवा. चारही बाजूंनी उतार असलेलं छप्पर दोन पाख्यांच्या छपरापेक्षा वाऱ्यात बरं टिकतं. प्रश्न १ मध्ये सांगितलेली तीन फुटांची वळचण वादळात उचलली जाते हे खरं, म्हणून तिला खालून टेकू द्या. घरावर कललेला माड काढा, मग तो कितीही फळता असो.

१९. आमच्या भागात पूर येतो. जोतं किती उंच करायचं?

चिपळूण, महाड, राजापूर इथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ च्या पुराची खूण शेजारच्या भिंतीवर असेल. जोतं तिच्या वर नेता येत असेल तर न्या. नसेल, तर तळमजला पाणी येणारच असं धरून बांधा: चिरा, चुना-सिमेंट आणि फरशी चालेल; प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, पीओपी अजिबात नाही. मीटर, बोर्ड आणि सॉकेट खुणेच्या वर. धान्य आणि कागदपत्रं माळ्यावर. वर चढायला जिना घराच्या आतून हवा. पुरात बाहेरच्या जिन्यापर्यंत जाता येत नाही.

२०. आजोबांचं मातीच्या भिंतींचं घर आहे. पाडून नवं बांधू की दुरुस्त करू?

भिंत पोटातून फुगलेली नसेल आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजलेली नसतील तर दुरुस्त करा. टोकं बघायची रीत सोपी आहे: पातळ स्क्रूड्रायव्हर घालून दाबा, सहज आत गेला तर लाकूड गेलं. एखाददुसरी तुळई बदलता येते. कुजलेल्या बऱ्याच असतील तर घर उतरवा, पण दारं, खांब आणि चांगले वासे नव्या घरात वापरा. तसलं लाकूड आता बाजारात मिळणार नाही.

दुरुस्ती करताना मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा हा सगळ्यात मोठा घात. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, मध्ये ओल अडकते आणि एक दिवस गिलावा मातीसकट खाली येतो. मातीचं लिंपण आणि वर चुना. पूर्वी पावसाआधी माडाच्या झावळ्यांची झापं विणून झडीच्या भिंतीला लावायचे. ती युक्ती आजही स्वस्तात स्वस्त वॉटरप्रूफिंग आहे. एक गंमत मात्र आहे: चुलीचा धूर बंद झाला की जुन्या वाशांना कीड लवकर लागते. फुप्फुसांसाठी धूर बंद करणंच बरोबर, पण मग लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी कीडनाशक तेल द्यावं लागतं.

२१. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. काढू का?

त्यात ॲस्बेस्टॉस असतो. शाबूत असतील तर घाई नको. कापू नका, भोकं पाडू नका, ब्रशने घासू नका. धूळ फुप्फुसात गेली की कायमची राहते. काढताना पाण्याने भिजवून, न फोडता उतरवा. तुकडे अंगणात भराव म्हणून टाकू नका.

२२. पैसे कमी पडतायत. कुठे हात आखडता घ्यावा?

खोल्यांच्या संख्येत, फरशीत, बाथरूमच्या नळांत, गेटमध्ये आणि दर्शनी भागाच्या नक्षीत. वळचण, जोतं, काँक्रीट आणि वायरिंग यांत नाही. फरशी दहा वर्षांनी बदलता येते, कॉलममधली सळी बदलता येत नाही. ठेकेदाराचा चौरस फुटाचा दर ऐकून खूश होऊ नका. वळचण किती, कव्हर किती, काँक्रीट कुठलं हे लिहून मागा आणि मग दर परत विचारा.

२३. समुद्राला लागून वडिलोपार्जित जागा आहे. तिथे घर बांधता येईल का?

सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या कमाल रेषेपासून २०० मीटर आणि दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि परंपरेने किनाऱ्यावर राहणाऱ्यांची घरं यांना काही सवलती आहेत. खाडीकाठालाही नियम लागू होतो, हे बऱ्याच जणांना बांधकाम सुरू केल्यावर कळतं.

शेजाऱ्याने बांधलं आहे म्हणून आपल्यालाही चालेल असं धरू नका. त्याचं घर १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेआधीचं असू शकतं, किंवा त्याला नोटीस यायची बाकी असेल. सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन आधी नगररचना कार्यालयात जा आणि भरतीरेषा तुमच्या गटातून कुठून जाते ते मंजूर किनारा आराखड्यावर दाखवून घ्या. उत्तर तोंडी नको, लेखी मागा.